रिमर गेला, मग भांडायचं कोणाशी?

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की 'रेड ड्वार्फ'चा सातवा सीझन लोक म्हणतात तेवढा टाकाऊ नाहीये. झालं! एवढी पत्रं तर मोदकाच्या सारणावरच्या वादालाही आली नव्हती. ज्यांनी ही सिरीयल पाहिलेलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९८८ साली बीबीसी टूवर सुरू झालेली ब्रिटिश कॉमेडी. एका अवाढव्य खाणजहाजावर किरणोत्सर्ग होऊन सगळे मरतात, लिस्टर नावाचा एक आळशी टेक्निशियन तेवढा वाचतो, कारण चोरून मांजर पाळली म्हणून त्याला शिक्षा झालेली असते आणि तो गोठवून ठेवलेला असतो. उठतो तेव्हा तीस लाख वर्षं उलटलेली. सोबतीला कोण, तर मेलेला रूममेट रिमर होलोग्राम होऊन, त्या मांजरीच्या वंशातून माणसासारखा झालेला एक नटवा बोका, आणि पुढे क्रायटन नावाचा यंत्रमानव. बस, एवढीच माणसं, त्यातलं माणूस एकच.

प्रश्न (पुणे): मुलाबरोबर बसून सहा सीझन पाहिले, मजा आली. सातवा लावला तर चुकून दुसरंच काही लागलं की काय असं वाटलं. माणसं तीच, यान तेच, पण हसूच येईना. मुलगा म्हणतो रिमर मध्येच निघून जातो म्हणून. पण पहिल्या एपिसोडात तर रिमर आहे की, मग तेव्हाच का बिनसल्यासारखं वाटतं?

उत्तर: अहो, हा प्रश्न विचारणारे तुम्ही पहिलेच, बाकी सगळे थेट रिमरवर जातात. बिघडलंय ते आधीच, तो जायच्या आधीच. सहावा सीझन १९९३ ला संपला तो ऐन मोक्यावर, सगळ्यांचं यान उडवून देऊन. नंतर तीन वर्षं काहीच नाही, आणि त्या मधल्या काळात रॉब ग्रँट आणि डग नेलर ही लेखकांची जोडी फुटली. ग्रँट बाहेर पडला, नेलरने जानेवारी १९९७ ला दुसऱ्या लेखकांना हाताशी धरून सातवा आणला. आधी सहाच एपिसोड असायचे, आता आठ, कारण पुढचा आठवा सीझन धरून एकूण बावन्न भरायचे होते, म्हणजे बाहेरच्या चॅनेलांना विकायला सोपं.

पण खरी गोम शूटिंगमध्ये आहे. आधीचे सीझन स्टुडिओत प्रेक्षक बसवून व्हायचे. सातव्यात ते काढलं, सिनेमासारखं एका कॅमेऱ्याने शूट केलं, चित्रावर प्रक्रिया करून त्याला फिल्मचा लुक दिला, आणि मग तयार एपिसोड लोकांना दाखवून त्यांचं हसणं वर चिकटवलं. आता नाटक बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. नट वाक्य टाकतो, हशा येतो, तो हशा उतरायला लागला की बरोब्बर त्या क्षणी पुढचं वाक्य टाकतो, आणि आज रविवार दुपारचं पब्लिक आहे का मंगळवारचं त्याप्रमाणे ते रोज बदलतं. सातव्यात नटाला हशा ऐकूच येत नाही. तो अंदाजाने थांबतो, नाहीतर थांबतच नाही, मग वाक्य हशाखाली जातं किंवा हशाच पोरका वाटतो. पुढे काही एपिसोडांच्या लांब आवृत्त्या हशाशिवाय कॅसेटवर आल्या, त्या मला उलट बऱ्या वाटल्या. निदान खोटं तरी वाटत नाही.

माझ्या आतेभावाने लंडनहून त्यातली एक कॅसेट आणली होती, आपल्याकडे आणि तिकडे दोन्हीकडे तेव्हा टीव्हीची 'पाल' सिस्टिम असल्यामुळे ती आमच्या व्हीसीआरवर निमूट चालली. आई शेजारी मटार सोलत होती, मध्येच म्हणाली, "हे गंभीर आहे का विनोदी?" त्यावर मी अजूनही काही बोललेलो नाही.

प्रश्न (ठाणे): सगळे सातव्यात आलेल्या कोचान्स्कीच्या नावाने खडे फोडतात, मला राग येतो. बाई आली की पुरुषांची कॉमेडी बिघडते, असंच ना शेवटी? ती भूमिका करणाऱ्या क्लोई अॅनेटने वाईट काम केलंय का?

उत्तर: नाही हो ताई, काम वाईट नाहीच. आणि तुमच्या रागात तथ्य आहे, बऱ्याच चाहत्यांचं म्हणणं त्याच वासाचं असतं. पण तिला लिहिलंय कसं ते बघा. आधी क्लेअर ग्रोगनने साकारलेली कोचान्स्की म्हणजे लिस्टरच्या मनातलं स्वप्न, ती चार मिनिटं दिसायची आणि पुरायची. ही दुसऱ्या मितीतून आलेली, जिथे ती जिवंत राहिली आणि लिस्टर होलोग्राम झाला. केवढी छान कल्पना! म्हणजे तिच्या डोक्यात एक वेगळा, सुधारलेला लिस्टर आहे आणि समोर हा बनियनवर आमटी सांडणारा. त्यावर आठ एपिसोड निघाले असते. पण तिच्या वाट्याला आलं काय, तर क्रायटनचा मत्सर. सून घरात आल्यावर स्वयंपाकघर सोडायला तयार नसलेल्या सासूसारखा तो वागतो, एकदा हसू येतं, पाचव्यांदा कंटाळा येतो. दोष तिचा नाही, सासूचा आहे.

प्रश्न (नागपूर): माझं आणि नवऱ्याचं ठाम मत आहे की सातव्यातला सगळ्यात भारी एपिसोड 'ब्लू'. पण तोवर तर रिमर निघून गेलेला असतो! पटतं का?

उत्तर: शंभर टक्के पटतं, आणि मला या सीझनबद्दल जे काही म्हणायचंय ते सगळं त्या एपिसोडात आहे. दुसऱ्या एपिसोडात, 'स्टोक मी अ क्लिपर'मध्ये, रिमर निघून जातो. जातो कसा तेही बघण्यासारखं आहे. दुसऱ्या मितीतला त्याचाच शूर अवतार, एस, मरतो, आणि त्याची शवपेटी अवकाशात सोडली की ती एका ग्रहाकडे जाते. त्या ग्रहाभोवती कडं आहे, शनीसारखं. कॅमेरा जवळ जातो तेव्हा कळतं, ते कडं शवपेट्यांचं आहे, एकामागोमाग एक वारसा चालवलेल्या अगणित एसांच्या. आणि आता तो वारसा चालवायला रिमर निघतो. माझ्यासारखा कॉमेडीला बसलेला माणूस गप्प झाला हो.

मग 'ब्लू'त लिस्टरला त्याची आठवण यायला लागते. ज्याने आयुष्यभर जीव नकोसा केला, मोजे कसे घड्या करायचे यावर लेक्चर दिलं, त्याची! स्वप्नात तर थेट मुकाच घेतो त्याचा. क्रायटनला ते बघवत नाही, तो रिमरच्या डायऱ्या वाचून जत्रेतल्या भुताच्या घरासारखी एक राइड बनवतो, गाडीत बसायचं आणि रिमरचे पराक्रम बघायचे, रिमरच्याच शब्दांत. शेवटी रिमरची तोंडं लावलेल्या ठेंगण्या बाहुल्या त्याचं कौतुक गात नाचायला लागतात आणि लिस्टरची आठवण जागच्या जागी बरी होते. सीझनभर ज्याची उणीव, त्या उणिवेवरच गोष्ट लिहिली म्हणून ती जमली. बाकी ठिकाणी उणीव तशीच ठेवून वर स्पेशल इफेक्ट टाकलेत. अहो, या सिरीयलचं इंजिन म्हणजे दोन बंक आणि त्यावर कुरकुरणारी दोन माणसं, अवकाश नुसतं खिडकीबाहेर. चाळीतल्या डबलरूममध्ये घातली असती तरी ती चालली असती.

प्रश्न (मडगाव): लिस्टर सारखा विंदालू विंदालू करतो. आमच्या गोंयच्या विंदालूचा त्याच्याशी काही संबंध?

उत्तर: नावापुरता! तुमचा मूळचा पोर्तुगीज 'विन्हा द आल्योस'वरून आलेला, व्हिनेगर आणि लसूण, त्यात डुकराचं मटण मुरवलेलं. लिस्टरचा तो ब्रिटिश करी हाउसवाला, म्हणजे मेन्यूतल्या तिखटाची एक पायरी, बिअर पिऊन झाल्यावर मर्दानगी दाखवायला खायचा. १९९१ च्या 'डीएनए' एपिसोडात तर मटण विंदालूचाच एक राक्षस होतो आणि तो मरतो बिअरने! सातव्याची सुरुवातही त्याच जिभेतून आहे. स्फोटात करीचा साठा गेला म्हणून हा पठ्ठ्या भूतकाळात पार्सल आणायला निघतो, उतरतो १९६३ च्या डॅलसमध्ये, आणि केनेडी वाचतो. आता इतिहास वाकडा झाला, तो सरळ करायला खुद्द केनेडीलाच बंदूक घेऊन उभं राहावं लागतं. चायनीजच्या गाडीवर उशीर झाला म्हणून आपण एवढं करत नाही.

प्रश्न (लातूर, कॉलेज विद्यार्थी): काका, नवीन माणसाने सातव्यापासून सुरुवात केली तर चालेल का? रिझोल्यूशन त्याचं बरं दिसतं म्हणून विचारतोय.

उत्तर: काका म्हणालास, असू दे. नको रे बाबा! दुसऱ्यापासून घे, सेट पुठ्ठ्याचा वाटेल, वाटू दे. सहावा संपेपर्यंत रिमरला शिव्या घालून झाल्या की मग सातवा लाव, आणि 'ब्लू' रात्री एकट्याने बघ, रूममेट झोपल्यावर.