मेडिकलची तारीखच मिळेना

प्रश्न: बऱ्याच वर्षांनी परत फ्लाइंग (विमान उडवणं) सुरू करायचंय, पण त्यासाठी लागणाऱ्या मेडिकलला, म्हणजे वैमानिकाच्या आरोग्य तपासणीला, कोणी लवकर तारीखच देत नाही, काय करू?

उत्तर: अहो, आधी मेडिकल सर्टिफिकेट क्लास १ (पगारी, व्यावसायिक वैमानिकांचं) हवंय की क्लास २ ते ठरवा, हौसेसाठी उडवणार असाल तर क्लास २ पुरतं आणि आंतरराष्ट्रीय नियमांत ते चाळिशीच्या आत ६० महिने, नंतर २४ आणि पन्नाशीनंतर १२ महिने चालतं. तारखेची वाट बघताना जुनं सर्टिफिकेट, डिस्चार्ज पेपर, चष्म्याचा नंबर, बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी सगळं गोळा करून ठेवा, कारण एक कागद कमी पडला की फाइल अडकते आणि खरा वेळ तिथंच जातो. कॅन्सलेशन झालं तर बोलवा म्हणून क्लिनिकला सांगून ठेवा. आणि गोळ्या लपवू नका हं, ते फार महागात पडतं.