डॉक्टरांनी बोलून नोंदी केल्या तर खरंच वेळ वाचतो का?

टायपिंगचा वेळ नक्की वाचतो. मी ओपीडी आणि वॉर्ड दोन्हीकडे डिक्टेशन वापरतो, म्हणजे मी बोलतो आणि सॉफ्टवेअर ते टाइप करतं. पण 'सॉफ्टवेअर घेतलं की नोंदींची कटकट संपेल का?' असं विचाराल, तर नाही, संपणार नाही. लिहायचं काम जाऊन तपासायचं काम मागे लागतं.

2018 साली 'जामा नेटवर्क ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात यावर एक अभ्यास आला होता. मशीनने उतरवलेल्या कच्च्या मजकुरात 7.4 टक्के चुका होत्या. ट्रान्सक्रिप्शनिस्टने, म्हणजे बोललेलं ऐकून मजकूर दुरुस्त करणाऱ्या माणसाने, हात फिरवल्यावर त्या 0.4 टक्क्यांवर आल्या. आताची सॉफ्टवेअर तेव्हापेक्षा बरीच हुशार आहेत. तरी मला भीती वाटते ती चुकांच्या संख्येची नाही, त्या दिसत नाहीत याची. स्पेलिंग कधीच चुकत नाही, अख्खा शब्दच दुसरा येतो. हायड्रॅलझिन रक्तदाबाचं, हायड्रॉक्सिझिन खाजेवरचं. एकाच्या जागी दुसरं आलं तरी वाक्य अगदी सरळ वाचलं जातं. 'फिफ्टीन'चं 'फिफ्टी' होतं. आणि 'नो चेस्ट पेन'मधला 'नो' गळला, तर पेशंटच्या छातीत दुखत होतं अशीच नोंद राहते. म्हणून औषध आणि डोस मी कधीच बोलून घालत नाही, यादीतून निवडतो. हिस्टरी आणि डिस्चार्ज समरी मात्र बिनधास्त बोलतो. सही करण्याआधी आकडे आणि नकार तेवढे पुन्हा बघायचे, तेही पेशंट समोर असतानाच. संध्याकाळी सगळ्या नोंदी एकदम तपासू म्हटलं, की कोण काय म्हणालं होतं ते आठवत नाही.

हल्ली सगळं संभाषण ऐकून आपणहून नोंद तयार करणारी साधनंही आली आहेत. त्यांना पेशंटची परवानगी आधी घ्यावी लागते, हे उघड आहे. दुसरी गोष्ट सवयीची: तपासताना जे सापडतं ते मोठ्याने बोलावं लागतं. 'उजवीकडे खाली क्रेप्ट्स आहेत' (फुप्फुसात चुरचुर आवाज येतोय) हे मनातच ठेवलं, तर ते नोंदीत येणार कुठून? उलट कधीकधी, न तपासलेल्या गोष्टीही 'नॉर्मल' म्हणून येऊन बसतात. त्या आधी खोडायच्या.

डेमो घ्याल तेव्हा विक्रेत्याचा तयार परिच्छेद वाचू नका. तुमच्या नेहमीच्या औषधांची नावं, तुमच्या नेहमीच्या वेगाने, दार उघडं ठेवून बोला. माइकही स्वतःचा, तोंडाजवळ राहणारा घ्या. लॅपटॉपच्या माइकवर पंख्याची घरघरच जास्त येते.