चुकीचे ठरलेले कशासाठी शिकायचे?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाच्या पाठात डोबेरायनर यांची त्रिके, न्यूलँड्स यांची अष्टके, मेंडेलीव्ह यांची आवर्तसारणी आणि शेवटी आधुनिक आवर्तसारणी असा क्रम असतो. दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी विचारतो, “आधीची तिन्ही वर्गीकरणे अपुरी ठरली, तर ती आम्ही पाठ कशासाठी करायची?” अभ्यासक्रम मोठा आणि तासिका मोजक्या आहेत. हा इतिहास गाळून थेट आधुनिक सारणी शिकवली तर नुकसान होईल का?

उत्तर : होईल, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तो इतिहास नावे, सनावळ्या आणि ‘गुण व त्रुटी’ अशा दोन रकान्यांतच शिकवायचा असेल, तर तो गाळलेला बरा. मी स्वतः कित्येक वर्षे हे दोन रकाने फळ्यावर लिहून देत असे आणि विद्यार्थी ते निमूटपणे उतरवून घेत. त्या त्रुटींपैकी एकीमागे केवढा पेच दडलेला आहे, हे त्यांना मी कधी दाखवले नव्हते, याची मला आजही खंत वाटते.

तो पेच टेल्युरिअम आणि आयोडीन यांचा. मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये त्या वेळी ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडली. टेल्युरिअमचे अणुवस्तुमान १२८ आणि आयोडीनचे १२७ मानले जात होते. म्हणजे नियमाप्रमाणे आयोडीन आधी यायला हवे होते. पण तसे केले तर आयोडीन गंधक आणि सेलेनिअम यांच्या ओळीत जाते आणि क्लोरीन, ब्रोमीन या आपल्या सख्ख्या भावंडांपासून तुटते. मेंडेलीव्ह यांनी गुणधर्मांना मान दिला, टेल्युरिअम आधी ठेवले आणि १२८ या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह घातले. मोजमापच चुकले असावे, खरा आकडा १२३ ते १२६ च्या दरम्यान निघेल, अशी त्यांची धारणा होती.

याच्या शेजारी गॅलिअमची हकिकत ठेवून पाहावी. मेंडेलीव्ह यांनी अ‍ॅल्युमिनिअमखालची जागा रिकामी सोडली होती आणि तिथे येणाऱ्या मूलद्रव्याची घनता ५.९ च्या आसपास असेल, असे सांगितले होते. १८७५ मध्ये लकॉक द ब्वाबोद्रां यांना गॅलिअम सापडले, पण त्यांनी मोजलेली घनता ४.७ भरली. ज्यांनी तो धातू डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, त्या मेंडेलीव्ह यांनी ही मोजणी चुकली असल्याचे कळवले; नमुना अधिक शुद्ध करून पुन्हा मोजल्यावर घनता ५.९ निघाली.

दोन्ही ठिकाणी विचार एकच होता : सारणी बरोबर आहे, मोजमाप चुकले आहे. गॅलिअमच्या बाबतीत तो खरा ठरला. टेल्युरिअमच्या बाबतीत मूलद्रव्याची जागा बरोबर ठरली, पण त्यामागचे कारण साफ चुकले, कारण टेल्युरिअमचे अणुवस्तुमान आजच्या अचूक मोजणीतही १२७.६ आहे आणि आयोडीनचे १२६.९. सारणीचा खरा पाया अणुवस्तुमान नसून अणुअंक, म्हणजे अणुकेंद्रातील प्रोटॉनांची संख्या आहे, हे भौतिकशास्त्रज्ञ मोझली यांच्या क्ष-किरणांवरील प्रयोगांतून १९१३ मध्ये पुढे आले, तेव्हा कुठे हा पेच सुटला. टेल्युरिअमचा अणुअंक ५२, आयोडीनचा ५३. एखादे निरीक्षण नियमाशी जुळले नाही, तर संशय नियमावर घ्यावा की निरीक्षणावर, हा प्रश्न विज्ञानात पावलोपावली येतो आणि त्याचे तयार उत्तर कोणाजवळही नसते. आधुनिक सारणी थेट शिकवली, तर विद्यार्थ्याला अणुअंक ही आधीपासून ठरलेली बाब वाटते. कोणाला तरी तो शोधावा लागला, हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

वेळेबाबत आपली अडचण खरी आहे, म्हणून सगळा इतिहास सारख्याच विस्ताराने सांगू नये. लिथिअम, सोडिअम आणि पोटॅशिअम यांची ७, २३ आणि ३९ ही अणुवस्तुमाने लिहून मधली संख्या कडेच्या दोघींची सरासरी आहे एवढे दाखवले, की त्रिकांचे काम झाले. दर आठव्या मूलद्रव्याचे गुणधर्म पहिल्यासारखे असतात, या कल्पनेवरच्या अष्टकांनाही तेवढाच वेळ पुरतो. वाचलेल्या तासिकेत विद्यार्थ्यांच्या गटांना क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन, गंधक, सेलेनिअम आणि टेल्युरिअम यांची कार्डे द्यावीत. त्यांवर अणुवस्तुमान आणि हायड्रोजनबरोबर होणाऱ्या संयुगाचे सूत्र एवढेच असावे. आयोडीनपाशी वाद होतोच. एक गट आकड्याला धरून बसतो, दुसरा एचआय आणि एचबीआर यांच्या सारखेपणाकडे बोट दाखवतो. तो वाद आपण त्या दिवशी मिटवू नये. मोझली दुसऱ्या दिवशी यावेत.

मेंडेलीव्ह यांना सारणी स्वप्नात दिसली, ही गोष्ट मात्र कृपया सांगू नये. तिला भक्कम आधार नाही, आणि तिच्यामुळे त्यांचे कष्ट झाकले जातात. त्याऐवजी त्यांचे चुकलेले तर्कही सांगावेत : १८९४ मध्ये सापडलेला आरगॉन हे तीन अणूंचे नायट्रोजन असावे, असे ते सुरुवातीला मानत होते, आणि हायड्रोजनहून हलकी मूलद्रव्ये असतील हे त्यांचे भाकीतही खरे ठरले नाही.

परीक्षेत ‘त्रुटी लिहा’ हा प्रश्न येणारच, त्याची तयारी करून घ्यावी. ज्याने कार्डे हातात धरून आयोडीनसाठी भांडण केले आहे, त्याला ती त्रुटी पाठ करावी लागत नाही, असा माझा वर्गातला अनुभव आहे.