‘ॲब्जुअर’ आणि ‘रिनाउन्स’: एकाच शपथेत दोन्ही कशासाठी?

अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या शपथेत परकीय राजसत्तेवरील निष्ठा सोडताना ‘रिनाउन्स’ आणि ‘ॲब्जुअर’ ही क्रियापदे लागोपाठ येतात, शब्दकोशात दोहोंपुढे ‘त्याग करणे’ असेच लिहिलेले असते, मग ही द्विरुक्ती कशासाठी, असा आपला प्रश्न आहे. माझ्या धाकट्या भावाने उजवा हात वर करून ही शपथ घेतली, तेव्हा ‘ॲब्जुअर’पाशी तोही अडखळला होता. काही अंशी ही द्विरुक्तीच आहे. आपल्या खरेदीखतात ‘हक्क, अधिकार व हितसंबंध’ एका दमात येतात, तीच खोड इंग्रजी कायद्यालाही आहे.

तरीही फरक आहे. ‘रिनाउन्स’ म्हणजे आपले जे आहे ते सोडत असल्याचे जाहीर करणे. वडिलोपार्जित जमिनीवरचा वाटा सोडताना बहीण हक्कसोडपत्रावर सही करते, तो व्यवहार या शब्दाच्या अगदी जवळचा आहे. ‘ॲब्जुअर’च्या पोटात मात्र शपथ आहे. लॅटिनमधील ‘युरारे’ म्हणजे शपथ घेणे (‘ज्युरी’ हा शब्दही त्याच घराण्यातला) आणि ‘अब्’ म्हणजे दूर. म्हणून शपथेवर नाकारणे हा त्याचा मूळ अर्थ. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये चर्चच्या आश्रयाला गेलेला गुन्हेगार 40 दिवसांच्या आत कोरोनरपुढे (राजाच्या अधिकाऱ्यापुढे) गुन्हा कबूल करून, राजाच्या परवानगीशिवाय परतणार नाही अशी शपथ घेऊन देश सोडू शकत असे, आणि त्या कृतीलाही हेच क्रियापद लावत.

‘रिकँट’ (आधीचे मत मागे घेणे) या जवळच्या शब्दाशी तुलना करण्यासाठी गॅलिलिओचे उदाहरण मला सर्वांत उपयोगी वाटते. 22 जून 1633 रोजी रोममध्ये, वयाच्या 69व्या वर्षी, त्याला गुडघे टेकून एक मजकूर वाचावा लागला. पृथ्वी फिरते हे मत मागे घेतले, एवढेच सांगायचे असेल तर ‘रिकँट’ पुरते. त्याच्या मुळाशी ‘गाणे’ या अर्थाचा धातू आहे, म्हणजे आधी आळवलेला सूर फिरवणे. परंतु त्या मजकुरात त्याने आपली मते शपथपूर्वक त्यागली, त्यांना शाप दिला आणि त्यांचा धिक्कार केला; या शपथेमुळे ते कृत्य ‘ॲब्जुअर’ ठरते. नुसते ‘रिकँट’ म्हटले की ते गुडघे टेकणे वाक्यातून गळून पडते, असे माझे मत आहे.

‘फॉरस्वेअर’ म्हणजेही शपथेवर सोडणे, पण तो बहुधा दारूसारख्या सवयीबाबत येतो, शिवाय त्याला खोटी शपथ घेणे असाही जुना अर्थ आहे. भारतीय इंग्रजी वृत्तपत्रे नक्षलवाद्यांना हिंसा ‘ॲब्जुअर’ करण्याचे आवाहन करतात, तेव्हा शपथेचा अर्थ पुसट होऊन ‘कायमचे सोडून द्या’ एवढाच उरतो. तो वापर चुकीचा नाही.

‘ॲजुअर’शी मात्र गल्लत करू नका. ‘तुला माझ्या गळ्याची शपथ, खरे सांग’ असे आई म्हणते, ते ‘ॲजुअर’: तिथे शपथ घेतली जात नाही, दुसऱ्याला घातली जाते.