नंबर वाढवला तरी नख काळंच? ट्रेल शूजबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात पायवाटांवर पळण्याबद्दल लिहिलं होतं. त्यात श्वास, चढ, पाणी सगळं होतं, पण तुमचे जे प्रश्न आले ते जवळजवळ सगळे शूजचेच. त्यातले काही घेतोय.

प्रश्न: बरीच वर्षं रोडवर पळतोय, आता डोंगरातल्या ट्रेल्स सुरू केल्यात. होका स्पीडगोट, सॅलोमन स्पीडक्रॉस आणि आल्ट्रा लोन पीक असे तीन शॉर्टलिस्ट केलेत, पण ज्याचा रिव्ह्यू बघावा त्यात तोच बेस्ट. माझा पाय पुढून रुंद आहे आणि टाच बारीक. सध्याच्या शूजमध्ये उतारावर अंगठ्याचं नख काळं पडायचं म्हणून एक नंबर मोठा घेतला, तरी पडतंच. तिघांतला कुठला घेऊ?

उत्तर: कुठला घ्यायचा ते सांगतो, पण आधी नखाचं बघू, कारण तुमचं उत्तर तिथेच आहे. नख काळं पडायची मुख्य कारणं दोन आणि त्यांचे उपाय एकदम उलटे. एक म्हणजे शूज लांबीला कमी पडतोय, उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटाच्या पुढे (ते अंगठाच असेल असं नाही, बऱ्याच जणांचं शेजारचं बोट लांब असतं) एक-दीड सेंटीमीटर जागा हवी, ती नाहीये. दुसरं म्हणजे जागा भरपूर आहे पण टाच आणि पायाचा मधला भाग शूज धरतच नाहीये, मग उताराला प्रत्येक पावलागणिक पाय आतल्या आत पुढे सरकतो आणि बोटं जाऊन आदळतात. तुम्ही नंबर वाढवलात, टाच बारीक आहे, तरी पडतंय म्हणजे तुमची केस दुसरी. मोठा नंबर घेऊन पायाला सरकायला आणखी जागा करून दिलीत एवढंच झालं.

रुंद पायवाले हे नेहमी करतात, रुंदी मिळत नाही म्हणून लांबी वाढवतात. त्याने अजून एक घोळ होतो, शूज जिथे वाकायला हवा ती जागा तुमच्या चवड्याच्या पुढे जाते आणि मग पाय एकीकडे वाकतो, सोल दुसरीकडे.

नवीन शूज घ्यायच्या आधी आहेत त्याच शूजवर एक करून बघा. लेसच्या रांगेत सगळ्यात वर, घोट्याजवळ, थोडं मागच्या बाजूला एक जास्तीचं भोक असतं जे बहुतेक लोक कधीच वापरत नाहीत. लेस त्या भोकात बाहेरून आत घाला, म्हणजे शेवटच्या दोन भोकांमध्ये त्याच बाजूला एक छोटा लूप तयार होईल, दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग उजवी लेस डाव्या लूपमधून आणि डावी उजव्या लूपमधून ओवा, टाच मागे ठोकून बसवा, लेस आधी खाली खेचा मग वर, आणि नेहमीसारखी गाठ मारा. टाच जागच्या जागी बसते. बोटांकडची लेस मात्र सैलच ठेवा, सगळीकडे सारखं आवळू नका. आणि हो, नखं कापलेली असू देत, हे सांगायची खरं तर गरज नसावी पण असते.

आता तिघांकडे येऊ. स्पीडक्रॉस चिखलासाठी आणि मऊ मातीसाठी जबरदस्त, लग्ज, म्हणजे सोलखालचे रबरी दात, खोल आणि लांब लांब अंतरावर, त्यामुळे चिखल अडकून बसत नाही. टाच छान धरतो. पण पुढून निमुळता आहे आणि ड्रॉप, म्हणजे टाच आणि चवड्याच्या उंचीतला फरक, १० मिमी, म्हणजे बराच. शिवाय त्याला क्विकलेस असते, एक ओढा आणि लॉक, सोयीचं आहे पण पुढे सैल मागे घट्ट असं वेगवेगळं करायला फारसा वाव नाही. तुमच्या पायाला मी हा नाही सुचवणार.

लोन पीकचा टो बॉक्स, म्हणजे बोटांकडची जागा, खरोखर पायाच्या आकाराचा, बोटं पसरून बसतात. ड्रॉप शून्य आणि सोलची जाडी २५ मिमी, म्हणजे खालचा दगड बऱ्यापैकी कळतो. काहींना तेच आवडतं. तुमची अडचण टाचेची, आणि आल्ट्रामध्ये बारीक टाचेला पकड जरा सैल वाटू शकते, तेव्हा घातलात तर वरची लेस-लॉकची युक्ती लावूनच बघा.

स्पीडगोट (हे नाव कार्ल मेल्टझर या मॅरेथॉनहून लांब शर्यती पळणाऱ्या अमेरिकन अल्ट्रारनरच्या टोपणनावावरून आलंय) जाड, गुबगुबीत, खाली व्हिब्रम मेगाग्रिप रबर आणि ५ मिमीचे लग्ज, ड्रॉप मॉडेलप्रमाणे ४-५ मिमी. लांब अंतराला, दगडगोट्यांच्या उतरणीला पाय कमी थकतात. होका काढणारे दोघंही आधी सॅलोमनमध्येच होते, आणि २००९ मध्ये त्यांची सगळी धडपड उतारावर जोरात कसं पळता येईल याचीच होती, ते या शूजमध्ये जाणवतं. साधा स्पीडगोट पुढून तुम्हाला आवळेल, पण तो वाइडमध्येही मिळतो, माझं मत त्यालाच. फक्त एक, जाड सोलमुळे पाय जमिनीपासून उंच राहतो, त्यामुळे अरुंद, तिरक्या वाटेवर घोटा मुरगळायची सवय असेल तर थोडं जपून.

आणि यादीत नसलेलं एक नाव टाकतो, टोपो अल्ट्राव्हेंचर. पुढून रुंद, मधे आणि टाचेला बऱ्यापैकी घट्ट, ड्रॉप ५ मिमी. तुम्ही जसा पाय लिहिलाय तसाच पाय डोळ्यासमोर ठेवून केल्यासारखा आहे. स्पीडगोट वाइड आणि हा, दोन्ही घालून बघा.

घालून बघणं म्हणजे आरशासमोर उभं राहणं नव्हे. संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि लांब पळताना अजून सुजतात. ज्या मोज्यांवर पळता तेच मोजे. आधी शूजमधला इनसोल, म्हणजे आतली सुटी गादी, बाहेर काढा, जमिनीवर ठेवून त्यावर पूर्ण वजन टाकून उभे राहा, करंगळी किंवा अंगठ्याखालचा उंचवटा कडेच्या बाहेर ओघळत असेल तर तो शूज तिथल्या तिथे बाद, "नंतर सैल होईल" वगैरे ऐकू नका. मग शूज घालून जिना उतरा, जरा धपाधप, चार पायऱ्या नाही, चांगला एक मजला. बोट पुढे लागलं तर डोंगरात दहापट लागणार.

प्रश्न: झीरो ड्रॉप शूज घेतले, दोन आठवड्यांत पोटऱ्या दगड झाल्या. शूज खराब की मी?

उत्तर: दोघंही ठीक, घाई झाली. १० मिमीच्या शूजमधून एकदम शून्यावर आलात की टाच तेवढी खाली जाते आणि पोटरी आणि अकिलीस टेंडन (टाचेमागची जाड दोरी) दोघांना प्रत्येक पावलाला जास्त ताणावं लागतं. सुरुवातीला हे शूज नुसते चालायला वापरा, मग आठवड्यातला एखादा छोटा, सपाट रन त्यात, बाकीचे जुन्या शूजमध्ये, असं काही महिने चालू द्या. टाचेच्या मागे सकाळी उठल्यावर दुखत असेल तर मात्र थांबा आणि फिजिओला दाखवा.

बरेच जण ड्रॉप आणि कुशन एकच समजतात. आल्ट्राचाच ऑलिंपस शून्य ड्रॉपचा आहे पण जाडी ३३ मिमी, म्हणजे सपाट आणि तरी मऊ. आणि झीरो ड्रॉप म्हणजेच नैसर्गिक म्हणजेच चांगलं असा एक पंथ आहे, त्यात मी नाही. दहा मिमीवर मजेत पळत असाल, काही दुखत नसेल, तर बदलायचं कारण काय?

प्रश्न: एका नामांकित ब्रँडचे ट्रेल शूज घेतले, सोल अजून नव्यासारखा पण करंगळीपाशी दोन्ही शूजची जाळी फाटली. एवढ्यात? क्वालिटी राहिलीच नाही का? टिकाऊ ब्रँड सांगा.

उत्तर: राग समजतो, पण दोन्ही शूज एकाच जागी फाटलेत ना, मग आधी पायाकडे बघा. शूज वाकतो तिथे बाहेरच्या बाजूला जाळीला घडी पडते, आणि आतून करंगळीचा सांधा तिथेच दाबत असेल तर जाळी दोन्हीकडून घासली जाते. म्हणजे शूज पुढून अरुंद. मजबूत कापडाचा अरुंद शूज घेतलात तर कापड टिकेल, करंगळीला फोड येतील. अंगठ्याच्या वर भोक पडत असेल तर ते वेगळं, काहींना पळताना अंगठा वर उचलायची सवय असते.

दुसरा गुन्हेगार चिखल. वाळलेला चिखल जाळीत अडकून राहिला की त्यातली बारीक रेती प्रत्येक पावलाला सॅंडपेपरसारखी धागे कापत राहते. त्यामुळे घरी आल्यावर शूज कोपऱ्यात फेकून न देता ओले असतानाच साध्या पाण्याखाली धरा, जुन्या टूथब्रशने घड्यांमधली माती काढा, इनसोल बाहेर, आत वर्तमानपत्राचे बोळे, आणि सावलीत. वॉशिंग मशीन नको, कडक ऊन नको, हीटरजवळ तर अजिबात नको, उष्णतेने सोलचं चिकटवण सुटतं आणि फोमही कडक होतो. काही अनुभवी मंडळी नवीन शूजच्या घडीच्या जागी आधीच लवचिक शू-ग्लूचा पातळ थर देतात. दिसायला भयानक पण उपयोग होतो.

ब्रँडपेक्षा बांधणी बघा. पुढच्या टोकाला रबराचा जाड पट्टा आहे का, तो कडेने करंगळीपर्यंत येतो का, कापड घट्ट विणीचं आहे की नुसती मच्छरदाणी, आणि अपर, म्हणजे शूजचा वरचा कापडी भाग, जिथे सोलला चिकटतो तिथे बोटाने दाबल्यावर फट दिसते का. ला स्पोर्तिवाचा बुशिडो या बाबतीत दणकट, खडकाळ भागासाठीच बनवलेला, पण तो पुढून अरुंद, त्यामुळे तुमच्या करंगळीला तो चालणार नाही. हेच तर दुखणं आहे, जो टिकतो तो बसत नाही. दोन्हीतलं एकच निवडायचं झालं तर मी बसणारा घेईन.

सोल नव्यासारखा राहिलाय म्हणजे तुम्ही डांबरी रस्त्यावर फार पळत नाही, ते मात्र छान. ट्रेलच्या सुरुवातीपर्यंत रोज रस्त्यावरून पळत जाणाऱ्यांचे लग्ज आधी गुळगुळीत होतात आणि मग शिव्या कंपनीला.

प्रश्न: ८ मिमी लग्जचे शूज घेतले तरी ओल्या खडकावर घसरतोच. असं कसं?

उत्तर: ८ मिमी, म्हणजे इनोव्ह-८ कंपनीच्या मडक्लॉसारखे, हे चिखलात आणि ओल्या गवतात रुतायला केलेले असतात. खडकात काही रुतत नाही, तिथे उलट जेवढं रबर दगडाला टेकेल तेवढं चांगलं, आणि अशा सोलचं टेकतं फक्त लग्जची टोकं. वर कडक जमिनीवर ते लांब लग्ज वाकतात. ओल्या खडकाला ४-५ मिमीचे, जवळजवळ बसवलेले लग्ज आणि मऊ, चिकट रबर हवं, व्हिब्रम मेगाग्रिपचं नाव त्यासाठीच घेतलं जातं. चिकट रबर लवकर झिजतं, ते गृहीत धरायचं. इनोव्ह-८ ने याच भांडणावर तोडगा म्हणून मँचेस्टर विद्यापीठाबरोबर काम करून २०१८ मध्ये ग्राफीन (कार्बनचा अतिशय पातळ पण मजबूत प्रकार) मिसळलेलं रबर आणलं, पकड पण हवी आणि टिकायला पण हवं म्हणून. शेवाळ असेल तर मात्र कुठलंच रबर कामाचं नाही, पळणं सोडून चाला.

प्रश्न: पावसाळी पळायला गोरटेक्स घ्यावा का?

उत्तर: धो धो पावसात आणि ओढे ओलांडायचे असतील तर नको. पाणी वरून, घोट्याकडून आत येतं, आणि आलेलं पाणी गोरटेक्सच्या त्याच पाणी अडवणाऱ्या पडद्यामुळे बाहेर जात नाही, मग दिवसभर डबक्यात पळा. साधी जाळी भिजते पण पाणी गाळून टाकते. थंड हवा, बर्फ, नुसतं दव असलेलं गवत, तिथे गोरटेक्स छान.

प्रश्न: शूज संपले हे कळतं कसं? ५०० किलोमीटर म्हणतात, ८०० पण म्हणतात.

उत्तर: दोन्ही बरोबर, वजन, वाट आणि फोम यावर आहे सगळं. लग्जकडे बघून ठरवू नका, मधला फोम (मिडसोल) बहुतेक वेळा आधी मरतो. शूज टेबलावर ठेवून मागून, डोळे टाचेच्या पातळीला आणून बघा, एका बाजूला कललाय का. मिडसोलच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडल्यात आणि अंगठ्याने दाबलं तरी त्या तशाच राहतात का. ज्या वाटेवर पूर्वी खडे लागत नव्हते तिथे आता तळव्याला लागतायत का. आणि काही कारण नसताना नडगी किंवा गुडघा कुरकुर करायला लागलाय का. यातलं दोन-तीन जुळलं की बास. शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा, ओला जोड नीट वाळायला वेळ मिळतो, आणि जुना कितपत बसलाय हे नवा घातल्यावर पहिल्याच किलोमीटरला कळतं.