धान विकायचं की तांदूळ?

भाऊ, नागपूर जिल्ह्यातल्या मौदा-रामटेक पट्ट्यात पहिल्यांदाच धान लावताय, तर ते भरडून तांदूळ विकायला मिल टाकायचा विचार एवढ्यात नको. आधी हा हिशेब करा. २०२५-२६ चा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. क्विंटलभर धानातून कणीसकट साधारण ६५ किलो तांदूळ हाती येतो. म्हणजे भरडाई, पोती, गाडीभाडं धरायच्या आधीच तांदूळ किलोला साडेछत्तीस रुपयांना पडला! त्यात कणी निम्म्या भावातही जाते, म्हणून अख्ख्या दाण्याला त्याहून बराच जास्त भाव मिळायला हवा. जाड धानात हे जमत नाही; ते सरळ सरकारी खरेदी केंद्रावर हमीभावाने द्या. ओलावा मात्र १७ टक्क्यांच्या आत ठेवा.

‘जय श्रीराम’, ‘एचएमटी’ या वाणांसारखं बारीक धान असेल तरच तांदूळ करा, आणि तोही नागपुरात आधी गिऱ्हाईक ठरवून. वर्षभराचा तांदूळ एकदम भरणारी घरं आपल्याकडे अजून आहेत, तीच धरा. जुन्या हलरवर, म्हणजे लोखंडी भरडगिरणीवर, कणी फार पडते, रबर रोलची मिल शोधा. भरडण्याआधी धान सावलीत वाळवून ओलावा १४ टक्क्यांवर आणा. कडक उन्हात दाण्याला तडे जातात. आणि कोंडा मिलवाल्याकडे सोडायचा की नाही, हे भरडाईचा दर ठरवतानाच बोलून घ्या.