आधी झाडं, कोळी नंतर

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

व्हीनस फ्लायट्रॅप हे किडे खाणारं झाड आणि टॅरँटुला हा मोठा केसाळ कोळी, दोन्ही याच वर्षी हवेत असं तू लिहिलं आहेस. माझं मत विचारशील तर यंदा फक्त झाडं आण.

व्हीनस निसर्गात एकाच भागात उगवते, अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाच्या ओलसर रेताड जमिनीत. त्या मातीत नत्र आणि स्फुरद जवळपास नसतंच. ती उणीव ती किडे खाऊन भरून काढते. मुळांना मात्र क्षार अजिबात सोसत नाहीत. त्यामुळे या छंदातला पहिला धडा पाण्याचा आहे. नळाचं नको, बोअरचं तर नकोच. पावसाळ्यात गच्चीवर उघड्यावर पिंप ठेवून पाणी साठव, एरवी डिस्टिल्ड वॉटर आण. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त मिळतो. आकडा ५० च्या आत हवा. कुंडीत पीट मॉस आणि परलाइट भर. शेणखत, गांडूळखत, कसलंही खत घालायचं नाही. कोकोपीटमध्ये मीठ असतं, म्हणून ते वापरायचंच असेल तर पुन्हापुन्हा धुऊन घे. कुंडी बोटभर पाण्याच्या थाळीत ठेव, आणि भरपूर थेट ऊन दे. खिडकीच्या आतला उजेड तिला पुरत नाही.

सापळ्यात बोट घालून तो मिटवायचा मोह होईल. सापळा म्हणजे मिटणारं पानच; त्याच्या आत मोजके संवेदनशील केस असतात. साधारण २० सेकंदांत दोन स्पर्श झाले तरच सापळा मिटतो, आणि आत धडपड चालू राहिली तरच पाचक रस सुटतात. वाऱ्याने उडालेल्या काडीवर शक्ती वाया जाऊ नये यासाठी झाडाने केलेली ही व्यवस्था आहे. आपण उगाच मिटवत बसलो तर पानाची ताकद खर्च होते, पोटात काही पडत नाही, आणि थोड्याच वेळा मिटून ते पान काळं पडतं. खिमा किंवा पनीरचा तुकडाही घालू नकोस, तो आतच सडतो. थंडीत वाढ थांबेल, पानं वाळतील; झाड मेलं समजून फेकून देऊ नकोस, ती त्याची विश्रांती असते.

झाडं घरी रुजेपर्यंत सह्याद्रीतली बघून ये. पावसाळ्याच्या शेवटी कासच्या ओल्या जांभ्यावर दवबिंदू नावाचं किडे खाणारं रोप असतं, पानांवरच्या चिकट थेंबांत चिलटं अडकलेली. सीतेची आसवे दिसायला नाजूक निळसर फुलं, पण खाली चिखलात त्याच झाडाच्या सूक्ष्म पिशव्या पाण्यातले जीव क्षणार्धात आत ओढून घेत असतात. पायवाट सोडू नकोस आणि एकही रोप उपटू नकोस. गवती दवबिंदू तर वर्षायू आहे, बी टाकून मरतो. कुंडीत आणून काय साधणार?

आता कोळ्याविषयी. तुला आवडलेला तो निळा पोएसिलोथेरिया मेटॅलिका आपल्या देशातला आहे. त्याचं पहिलं वर्णन १८९९ साली आंध्रातल्या गुत्ती इथे सापडलेल्या नमुन्यावरून झालं. पुढे शतकभराने तो सापडला तो नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात, आणि आज तो अतिसंकटग्रस्त आहे. जुन्या झाडांच्या ढोलीत तो राहतो. झाड तुटलं की घर गेलं, आणि उरलेल्यांवर शौकिनांची नजर. पोएसिलोथेरियाच्या सगळ्या जाती २०१९ पासून साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहेत. कुणी 'जंगलातून आणून देतो' म्हणालं तर तिथेच संबंध तोड. परदेशी जातीही घेण्याआधी वनखात्याकडे नोंदणीचे नियम विचारून घे, विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नकोस.

हा प्राणी हातावर घेण्याचा नव्हे. टॅरँटुलाचं पोट नाजूक असतं, थोड्या उंचीवरून पडला तरी फुटतं. पोएसिलोथेरियाच्या जातींचा दंश जीवघेणा नसला तरी स्नायूंना कित्येक दिवस पेटके आणू शकतो. कात टाकताना तो पाठीवर उताणा पडतो, तेव्हा पेटीत जिवंत झुरळ राहिलं तर तेच त्याला खातं. मेक्सिकोतल्या काही जातींची मादी वीस वर्षांहून जास्त जगते. तुझं शिक्षण, नोकरी, कदाचित दुसरं शहर, या सगळ्यातून तिला सांभाळायची तयारी आहे का, याचा घरच्यांसोबत बसून विचार कर.

पुढच्या पत्रात गच्चीवर किती तास ऊन येतं आणि तुमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस किती आहे, ते कळव. त्यावरून कुंडी कुठे ठेवायची ते ठरवू.